पुडिंगचा अकरावा डबा

प्रिय ठमे,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या लेथवाल्याकडून लिहून घेतला आहे. चिडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि तीन वर्षांत तुझ्या दारात येऊन उभं राहायची माझी छाती झालेली नाही. वर्कशॉपमध्ये बारा माणसांवर ओरडणारा तुझा दादा एका घंटेच्या बटणाला घाबरतो, हे कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं.

मी आईचं पुडिंग करतोय. हस, पोटभर हस. दूध, अंडी, साखर, डब्याच्या तळाला जाळलेल्या साखरेचा पाक, आणि मग डबा गरम पाण्यात ठेवून वाफवायचा. एवढंच तर आहे, असं मलाही वाटलं होतं. दुरुस्तीला आलेले पंप धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. आज नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. मला चार जिन्नस काय भारी पडणार! पहिल्याच दिवशी साखरेचा कोळसा झाला आणि पातेलं घासता घासता माझा घाम निघाला. दुसऱ्या वेळी डबा उपडा केला, तर सगळं ताटभर पळालं. तिसऱ्याला आतून भोकं पडली, अगदी आंघोळीच्या स्पंजसारखी.

पाचवा डबा दिसायला देखणा होता, म्हणून वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. लेथवाला म्हणाला, "मालक, एक नंबर! धंदा बदला, हॉटेल काढा." वेल्डरने डोळे मिटून मान डोलावली. मी फुगलो. संध्याकाळी उरलेला तुकडा शेजारच्या बाईंना दिला. त्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत आणि मला मुळीच घाबरत नाहीत. त्यांनी घास घेतला, शांतपणे उठून बेसिनपाशी गेल्या, चूळ भरली आणि म्हणाल्या, "अहो, दुधात साखरेऐवजी मीठ घातलंय तुम्ही. करताना चाखून नाही का बघितलंत?" मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी वेल्डिंग मशीनच्या मागे कागदात गुंडाळलेले बारा तुकडे सापडले. मालक झालं की आपल्याशी खरं बोलणारं माणूस उरत नाही, ठमे. घरी यावं तर तिथे बोलायलाच कुणी नाही. तुझी वहिनी गेली, मग आई गेली. आता फ्रिज सुरू झाला की दचकतो आणि बंद झाला की जास्त दचकतो.

खरी अडचण डब्याची होती. तुला ते सांगायची गरज नाही. आई गेल्यावर तू यायच्या आदल्या दिवशी मी तिचं स्वयंपाकघर रिकामं केलं. वाकलेलं, झिजलेलं दिसलं की भंगारात, हा माझा वर्कशॉपमधला नियम. तोच मी आईच्या फडताळाला लावला आणि अर्ध्या तासात काम उरकल्याबद्दल स्वतःवर खूशही झालो. तू आलीस आणि सगळ्या घरातून फक्त तो पोचा आलेला डबा मागितलास. मी म्हणालो, "अगं वेडे, तसले दहा नवे आणून देतो." तू पाण्याला न शिवता निघून गेलीस. तेव्हा मला वाटलं, किती हा हट्ट. तो हट्ट नव्हता हे कळायला मला दहा नवे डबे लागले.

नव्या डब्याचं झाकण घट्ट बसतं. त्यात वाफ कोंडते, दूध उकळतं आणि भोकं पडतात. हे पंपवाल्याला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. पण मला ते कळलं कानामुळे. आठव्या डब्याच्या वेळी शेगडीजवळ बसलो होतो. काहीतरी चुकत होतं. डबा गप्प होता! आईचा डबा कधी गप्प नसायचा. कपडे वाळत घालायला जाताना ती मला म्हणायची, "कान ठेव रे, आवाज मंदावला की हाक मार." पोच्यामुळे झाकण एका बाजूला उचललेलं असायचं, वाफ तिथून निसटायची आणि ते टकटक, टक, टकटक असं नाचायचं. तसाच उठून वर्कशॉपमध्ये गेलो आणि नव्याकोऱ्या झाकणाला हातोडी मारली. पहिलं झाकण पार वाकलं, दुसरं नुसतंच थरथरलं. अकराव्या डब्याला तो आवाज आला. तोच. मी फरशीवर बसून ऐकत राहिलो. आणि आवाज मंदावला तेव्हा ठमे, पन्नाशी उलटलेल्या माणसाने रिकाम्या घरात खरोखर हाक मारली.

पुडिंग एकसंध निघालं. एक भोक नाही, पाक चारी बाजूंनी ओघळतोय. पण ते आईचं झालं की नाही, मला माहीत नाही. गेल्या हिवाळ्यात मला मोठा ताप आला. तो गेला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल परत, कदाचित नाहीही येणार. चहा म्हणजे गरम, पाणी म्हणजे गार, बाकी सगळा कागद. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यानंतर एके दिवशी आईच्या पुडिंगची चव आठवायला गेलो, तर ती आठवेना. दिवसभर बसलो, तरी आठवेना. तेव्हापासून हा खटाटोप चाललाय. ती चव आता फक्त तुला ठाऊक आहे. येत्या रविवारी दुपारी पुन्हा करतोय. ये. झालं गेलं विसर असं म्हणायला मला तोंड नाही. एक चमचा खा आणि चुकलं असेल तर माझ्या तोंडावर सांग, आईचं असं नव्हतं म्हणून. कसं होतं तेही सांग. मी ऐकतो.

तुझाच,
दादा