सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग

अप्पा, आज आपला ब्लोअर जाम झाला. चिंचोळीच्या कारखान्यातला, टॉवेल रंगवून उरलेलं पाणी साफ करायच्या टाकीत हवा सोडणारा. त्याच्यापाशी तुम्ही अख्खी नोकरी काढलीत, आता मी काढतोय. फार दमलोय, आणि कामानं नाही.

तो मला पहिल्यांदा दाखवलात ते घरी, आईच्या परातीत. ब्लोअरच्या पोटात फिरणारे आठच्या आकड्यासारखे दोन लोब भाकरीच्या पिठाचे करून तुम्ही एकमेकांसमोर फिरवताय आणि आई ओरडतेय, "पीठ हाय का खेळणं?" लोब हवा पोटाशी धरून नुसती पुढे ढकलतात, एकमेकांना शिवत मात्र नाहीत, मधे केसाएवढी फट. पुढे कामावर लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हवेची लाईन बंद ठेवून बटण दाबायला गेलो, आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझा हात झटकलात. "पंखा न्हाय ह्यो! तोंड दाबलं तरी ढकलतच ऱ्हातो, काय तरी फुटंस्तवर. सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाजली तर तिला गप करायचं न्हाय, लाईन कुटं तुंबलीय ते बघायचं." रिटायर झालात त्या दिवशी तुमचा पाना माझ्या हातात दिलात.

गेल्या आठवड्यात शिट्टी वाजायला लागली. टाकीच्या तळाच्या नळ्या गाळानं तुंबल्या होत्या. वळसंगहून येणारा आमचा ऑपरेटर, वयानं माझ्याहून मोठा, म्हणालाही, "साहेब, टाकी उपसून नळ्या धुवाव्या लागतील की." टाकी उपसायची म्हणजे दोन दिवस काम बंद आणि मॅनेजरची बोलणी. मला कंटाळा आला, अप्पा. व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळली, शिट्टी थांबली. आज कोंडलेल्या दाबानं लोब तापून फुगले, एकमेकांना घासले आणि अडकले. "व्हॉल्व्हला हात कुणी लावला?" मॅनेजरनं विचारलं. मी खाली बघत राहिलो. त्यांनी ऑपरेटरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. डबा उचलला आणि मला म्हणाला, "येतो साहेब."

मॅनेजरला द्यायचा कागद लिहायला बसलो होतो, आणि लिहितोय तुम्हाला. तुम्ही तर गेलात, हा कुठे पाठवणार? दुसरा कागद घेतो आता. स्प्रिंग मी आवळली, ऑपरेटरचा दोष नाही, एवढंच त्यात लिहीन. ती तुमच्या पान्यानं आवळली, हे तिथे लिहिणार नाही. ते फक्त तुम्हाला सांगतोय.