एल्कहॉर्न घाटात पंचावन्न

१० जून
काल शाळा सुटली. बस धुतली, शेडमध्ये लावली, चावी ऑफिसात टाकली. आता शाळा उघडेपर्यंत मी माझा राजा. या उन्हाळ्यात एकच काम. पिकअपला टर्बो बसवणे.

कारण शास्त्रीय आहे. आमचं गाव सात हजार फुटांवर. हवा पातळ. साध्या इंजिनाला चढावर धाप लागते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. धाप बंद. इतकं सोपं आहे की आजवर का केलं नाही याचंच नवल वाटतं.

गेल्या वर्षीच्या प्रकाराशी याचा काही संबंध नाही.

११ जून
गेल्या वर्षीचा प्रकार लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

जिल्ह्याच्या जत्रेला निघालो होतो. मी, लोर्ना, टेसा. मागे ट्रेलर, त्यात टेसाने वाढवलेला बैल. एल्कहॉर्न घाटात आम्ही ताशी चौतीस मैलांनी चढत होतो. मागून गार्थ आला. लोर्नाचा भाऊ. डिझेल ट्रक, ट्रेलरमध्ये तीन बैल. तरी आम्हाला ओव्हरटेक केलं, वर हॉर्न दिला आणि हात हलवला. ते मी सोडून दिलं. पण टेसा सीटवरून खाली सरकली, बाहेरून दिसणार नाही इतकी. काय झालं विचारलं तर म्हणाली, बुटाची लेस बांधतेय बाबा.

तिच्या पायात काउबॉय बूट होते. त्यांना लेस नसते.

या वर्षी पंचावन्न. माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी काट्यावर पंचावन्न दिसले पाहिजेत, ट्रेलर आणि बैलासकट. ठरलं.

१४ जून
लोर्नाला सांगितलं. तिने विचारलं, ट्रक चालतोय ना? म्हटलं, चालतोय. म्हणाली, मग? या बाईला यंत्राची भाषा कळत नाही. मी एकोणीस वर्षं रोज इंजिनाच्या मागे बसतोय. बसचं इंजिन पुढे असतं.

शेवटी एकाच अटीवर कबूल झाली: जत्रेच्या दिवशी ट्रक रस्त्यावर पाहिजे. टेसा गेल्या हिवाळ्यापासून नूडलच्या मागे आहे. नूडल म्हणजे यंदाचा बैल. उणे वीसमध्ये पहाटे उठून त्याच्या पाण्यावरचा बर्फ फोडलाय पोरीने. जत्रेत सकाळी दहाला वजनकाटा बंद होतो. त्यानंतर पोचलेला बैल प्रदर्शनात घेत नाहीत, मग कुणी रडो की पडो.

मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

२० जून
खोकं आलं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, अनुभवी माणसाला एक शनिवार-रविवार पुरतो. मी घाई करणार नाही. दोन धरतो.

२४ जून
एक बोल्ट काढला.

२५ जून
कालचा बोल्ट काढला नव्हता, तुटला होता. उरलेला तुकडा आत आहे. दिवसभर त्याच्यामागे होतो. बोल्ट निकृष्ट. पूर्वीसारखं लोखंड राहिलं नाही.

२ जुलै
दोन शनिवार-रविवार संपले. ट्रक जॅकवर. लोर्ना गार्थबरोबर कामाला जाते. तो सकाळी येतो तेव्हा माझ्यासाठीही कॉफी आणतो. कागदी कपावर माझं नाव लिहिलेलं असतं. टोमणा मारायची ही एक पद्धत आहे.

४ जुलै
सुट्टी. चर्चच्या अंगणात जेवण. चिली, म्हणजे राजमा-मांसाचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल, दरवर्षीसारखे. भेटेल तो विचारतो, वेंडेल, ट्रक कुठवर आला? सगळ्यांना सांगितलं, झालाच आहे. नऊ जणांना सांगितल्यावर मलाही बरं वाटायला लागलं.

गार्थ म्हणाला, मदतीला येऊ का? म्हटलं, टॉर्च धरायला माणूस लागला तर कळवतो.

५ जुलै
गार्थ आला. टॉर्च धरली. तासाभराने म्हणाला, ही तेलाची नळी उलटी नाही ना बसली? मी तेच म्हणणार होतो.

९ जुलै
सुरू झाला. एका झटक्यात. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी येते, लांब, उंच, स्वच्छ. डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराचंही होतं.

नूडलचा गोठा शेडला लागून आहे हे लक्षात नव्हतं. पहिल्याच शिट्टीला त्याने कुंपण मोडलं आणि शेजाऱ्यांच्या लसूणघासात शिरला. टेसा त्याला धरून आणून म्हणाली, बाबा, तो आवाज बंद होतो का? म्हटलं, बेटा, हा ताकदीचा आवाज आहे. म्हणाली, ते त्याला कोण सांगणार?

१२ जुलै
नूडल चारा खात नाही. आदळआपट करतो. टेसा रात्रीचं जेवण घेऊन गोठ्यात जाते, त्याच्याशेजारी बसून खाते, म्हणजे तोही तोंड लावेल. घरात माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. प्रगतीच्या काळात असं होतंच.

१५ जुलै
पेट्रोलवरून वाद. आमच्या पंपावर साधं म्हणजे पंच्याऐंशी ऑक्टेनचं आणि महागडं म्हणजे एक्याण्णव. पुस्तिकेत एक्याण्णवच भरा म्हणून लिहिलंय. लोर्नाने ते पान मला मोठ्याने वाचून दाखवलं, "अन्यथा इंजिनाची हानी" हे दोनदा.

तिला समजावलं. पुस्तिका लिहिणारे समुद्रकाठचे लोक. त्यांच्याकडे हवा दाट, म्हणून पेट्रोल भारी लागतं. डोंगरात पंच्याऐंशी चालतं, म्हणून तर पंपवाले विकतात. माझ्या वडिलांनी जन्मभर पंच्याऐंशी भरलं. लोर्ना म्हणाली, तुझ्या वडिलांनी टर्बो बसवला होता का?

टाकी पंच्याऐंशीने फुल केली.

१८ जुलै
टर्बोने इंजिनात हवा कोंबायची त्याचा दाब ठरवायचा होता. पुस्तिका म्हणते सहा, त्यापुढे जाऊ नका. पण आपली हवाच मुळात पातळ. त्यांचे सहा म्हणजे आपले आठ. आठाला लागून नऊ. नऊवर ठेवला. गणितात मी शाळेपासून बरा.

२१ जुलै
चाचणी. ट्रेलर न जोडता घाट चढलो. टाकीपाशी एकसष्ट. एकसष्ट.

इंजिनातून बारीक खडखड येते, पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तशी. फक्त चढावर, पाय पूर्ण दाबला की. बहुधा इंजिनाला नव्या ताकदीची सवय होतेय. रेडिओ मोठा केल्यावर आवाज गेला.

२६ जुलै
शुभवर्तमान. नूडलला टर्बो आवडायला लागला. म्हणजे टेसाने काय केलं, शिट्टीचा आवाज फोनवर भरून घेतला आणि रोज तो वाजवत त्याला गुळाच्या पाकातला भरडा खाऊ घातला. आता शिट्टी ऐकली की नूडल पळत येतो. मी म्हणत होतोच, जनावराला ताकद कळते.

संध्याकाळी टेसा शेडच्या दारात उभी राहिली. म्हणाली, बाबा, नूडलला या वेळी मामाच्या ट्रेलरमधून नेलं तर? त्याच्याकडे जागा आहे.

हे लागलं. बोल्ट, बोटं, सगळं सोसलं, पण हे लागलं. मी म्हटलं, नाही. आपला बैल आपल्या ट्रकने जाणार. ती बरं म्हणाली आणि आत गेली. भांडली असती तर मला पटवून देता आलं असतं.

२ ऑगस्ट
उद्या जत्रा. कंगवे, दोर, चारा, टेसाचा पांढरा शर्ट, सगळं ट्रकच्या हौद्यात. गार्थचा फोन: मी सहाला निघतोय, नूडलला घेऊन जाऊ? म्हटलं, आभारी आहे. लोर्नाचं म्हणणं आपणही सहाला निघू. सहाला निघायचं तर टर्बो कशाला बसवला? सव्वाआठला निघू. आरामात पोचतो.

टेसा नूडलला धुऊन, ब्रश करून आली. हाताला शाम्पूचा वास. म्हणाली, गुड नाइट बाबा, आणि दारातून वळून, खरंच पोचू ना? म्हटलं, पंचावन्नने.

३ ऑगस्ट, सकाळी, घाटात
पन्नासपर्यंत गेला होता. हे नोंदवून ठेवतो. ट्रेलर, बैल, आम्ही तिघं, पन्नास. चणे जोरात वाजत होते. रेडिओ मोठा केला. लोर्नाने बंद केला. मग एक आवाज झाला, तसा मी कधी ऐकला नव्हता, आणि मागचा रस्ता धुराने दिसेनासा झाला.

आठातला एक सिलिंडर गेला असावा. सात आहेत.

थोड्या वेळाने
सात नाहीत.

अजून घाटातच
ऊन तापलंय. ट्रेलर तापेल म्हणून टेसाने नूडलला खाली उतरवून गवतात उभं केलंय. आमच्या पिण्याच्या पाण्यातलं निम्मं त्याच्या पाठीवर ओतलं. लोर्ना गार्थला फोन लावतेय, घाटात रेंज नाही. जत्रेला जाणाऱ्या गाड्या हळू होतात, हात हलवतात. दोघांनी थांबून विचारलं. त्यांच्या ट्रेलरमध्ये जागा नव्हती.

मी बॉनेट उघडून उभा आहे. बघण्यासारखं काही नाही, पण टेसाकडे बघायला नको म्हणून बॉनेटमध्ये बघतोय. ती एकदाही ओरडली नाही. फोनवर वेळ बघते आणि नूडलचे कान चोळते. मी तिचं वर्ष वाया घालवलं. वडील म्हणून मी हेच केलं.

३ ऑगस्ट, दुपारी
गार्थ आला होता. समोरून. जत्रेत आपले बैल उतरवले, आम्ही दिसलो नाही म्हणून रिकामा ट्रेलर घेऊन घाट उलटा उतरला. काही विचारलं नाही. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला वाटतं ते त्याने मुद्दाम केलं.

नूडल परक्या ट्रेलरमध्ये चढेना. गार्थ मागून ढकलतोय, लोर्ना दोर ओढतेय, तो चारही पाय रोवून उभा. तेव्हा टेसाने ट्रेलरच्या आत उभं राहून फोन काढला आणि शिट्टी वाजवली. नूडल तुरुतुरु आत गेला.

टर्बोचा उपयोग झाला, असं कुणीतरी म्हणेल असं वाटलं होतं. कुणी म्हणालं नाही. मीही नाही म्हणालो.

ते तिघं गेले. मी सामानाजवळ थांबलो. खूप वेळ होता, तेव्हा पुस्तिका पुन्हा वाचली. सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: कोणत्याही उंचीवर.

३ ऑगस्ट, रात्री, जत्रेच्या मैदानात
सगळं नीट लिहितो.

गार्थ आणि टेसा त्याचा ट्रेलर जत्रेतच सोडून परत आले. वजन झालं होतं. माणूस काट्याला कुलूप लावत होता तेव्हा लोर्ना त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि टेसा मागून बैल घेऊन पळत आली. लोर्नासमोर कुणाचं चालत नाही, हे मला ठाऊक आहे.

गार्थने विचारलं, ट्रक घरी ओढू की जत्रेत? सामान हौद्यात होतं, शर्ट हौद्यात होता. म्हटलं, जत्रेत. आमचा ट्रेलर सोडवून कडेला लावला, त्याने पट्टा बांधला. मी न्यूट्रलमध्ये टाकून स्टिअरिंगवर बसलो. टेसाला म्हटलं, मामाबरोबर बस, तिकडे एसी आहे. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

घाट सुरू झाला. गार्थने मागे बघून अंगठा दाखवला आणि पाय दाबला. मी हॉर्न वाजवून सावकाश म्हणून सांगत होतो. त्याला वाटलं मी खुशीत आहे. त्यानेही वाजवला.

समोरून गाड्या येत होत्या. आमची माणसं, चर्चमधली, शाळेतली. माझ्या बसमधली पोरं. प्रत्येकजण वळून बघत होता. खाली सरकायला मी काय नाही दिलं असतं, पण स्टिअरिंग सोडता येत नव्हतं. टेसाला म्हटलं, बुटाची लेस बांधायची असेल तर बांध, मला चालेल.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, बाबा, या बुटांना लेस नसते. आणि ताठ बसून समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवायला लागली.

पाण्याची टाकी आली. माझे डोळे पट्ट्यावर होते, काटा तिनेच वाचला.

पंचावन्न.