टोचलेल्यांची ज्वारी

११ जुलै १९८४
परत शून्य! सहा उंदरांची यकृतं काट्यावर ठेवली. एकाचंही तसूभर वाढलेलं नाही. मार्चमध्ये टोचलेल्या गटातले दोन मागे ठेवले होते, तेही आज कापले. त्यांचीही नेहमीएवढीच निघाली.

यकृत निम्म्याहून जास्त कापलं तरी पुन्हा भरून येतं. ‘वाढ’ असं त्याला सांगणारं काहीतरी रक्तात असणार. ते मला सापडलं असं मी मार्चमध्ये समजलो. यकृत कापलेल्या उंदराच्या रक्तातलं सीरम धडधाकट उंदरांना टोचलं आणि त्यांची यकृतं चांगली तिसऱ्या हिश्श्यानं वाढली! विभागात पेढे वाटले. आता तोंड लपवत फिरतोय.

१४ जुलै
विभागप्रमुख दिनकरराव चहा पिता पिता म्हणाले, “कधी कधी आकडे आपल्या मनासारखे पडतात, चंद्रभान.” हसत म्हणाले. दुसऱ्या कुणाला म्हणाले असते? सप्टेंबरात हैदराबादच्या परिषदेत निबंध वाचायचाय. तिथं चूक निघाली तर ती माझ्या एकट्याची धरणार नाहीत. “या लोकांना घेतलं की असंच” — मला आत्ताच ऐकू येतंय.

१५ जुलै
दिवसभर वीज नाही. सीरम वाचवायला सायकलवर बर्फाची लादी आणली. निम्मी वाटेतच वितळली.

२२ जुलै
आबा गावाहून आले. पोट टम्म, डोळे पिवळट. डॉक्टरांनी वडिलांचं पोट दाबून पाहिलं. यकृत वाढलंय म्हणाले, आणि लगेच — “किती घेता?”

“थेंब न्हाई सायब. छप्पनला दीक्षा घेतली तवापासून शिवलो न्हाई.”

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मी खाली बघितलं.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, “तुला बी पटंना का रं?” मी रिक्षाला हात केला.

येताना एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं आणलंय. “तुझ्या उंदरायला. मागल्या खेपेची सरली आसंल.” मार्चमध्ये उंदरांचा खुराक आला नव्हता, तेव्हाही त्यांनीच पाठवली होती. आबा आता इथंच राहणार म्हणून निम्मी त्यांच्या भाकरीला घरी ठेवली, निम्मी कॉलेजात नेली.

८ ऑगस्ट
आलं! वाढ परत आली! मार्चएवढीच! उंदरांचं बघणाऱ्या बायनाबाई म्हणाल्या, “सायब, आज तरी पोटभर जेवा.” जेवलो.

२५ ऑगस्ट
खात्रीसाठी या वेळी निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. त्यांचीही वाढली. तेवढीच! मार्चमध्ये घाईत एवढी साधी गोष्ट केली नाही, न टोचलेल्यांशीच तुलना केली. गाढव!

बायनाबाईंना विचारलं, पिंजऱ्यांत काय वेगळं करता?

“येगळं कायबी न्हाई. टोचलेल्यायला तुमच्या घरची ज्वारी देते. दुखण्यात घरचं दाणं बरं आसतंय. बाकीच्यायला कोंडा हायच की.”

पोत्यात हात घातला. बोटं पांढरी झाली. वास ओळखीचा — गमॅक्झीन, कीड मारायची पावडर. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं, भरलेली कणगी जळाली. तेव्हापासून आबा किड्यालाही दाणा देत नाहीत. ज्वारीत मुठीमुठीनं पावडर कालवतात.

ते विष पचवता पचवता उंदरांची यकृतं वाढली. माझ्या सीरमचा काडीचा संबंध नाही. चार वर्षं मातीत गेली. कुठं तोंड दाखवू?

२७ ऑगस्ट
हैदराबादला तार केली — निबंध मागे घेतो. दिनकररावांना कारणही सांगितलं. ते सुपारी कातरत राहिले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घरी आलो तर आबा जेवायला बसलेले. ताटात त्याच ज्वारीची भाकरी! सहा वर्षं तीच! हातातला घास हिसकावून घेतला. आबा बघतच राहिले. “आबा, तुम्ही थेंबही घेतला नव्हता,” एवढंच म्हणता आलं, आणि रडू फुटलं.

मार्चचं पोतं संपल्यावर मागे ठेवलेल्या त्या दोन उंदरांची यकृतं पहिल्यासारखी झाली होती. आबांचंही उतरेल — आता सगळी भिस्त त्या दोघांवर.