समुद्राला सांगितलेलं नाव

हार्योसेनो काका,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

बाबांना आम्ही पाच मुलीच. "मुलीला गादी नसते," म्हणत तुम्ही ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच जावाच्या राजगादीवर बसलात.

काल दक्षिण समुद्राला नव्या राजाचा नैवेद्य होता. मंत्र जुन्या जावाभाषेतला, तुम्हाला त्यातलं अक्षर येत नाही. मी नऊ वर्षांची असताना बाबा मला तो शिकवायचे, तेव्हा तुम्ही हसायचात. तेच तुम्ही काल सकाळी माझ्या खोलीत आलात.

"रातीह, बाळ, मांडवात पडद्यामागे बस आणि हळूच सांगत जा. लोकांना कळू देऊ नकोस हं, घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मी सांगत गेले, तुम्ही म्हणत गेलात. शेवटी राज्यकर्त्याने आपलं गुप्त नाव समुद्राला सांगायचं असतं; ज्याचं नाव ऐकतो, त्यालाच समुद्र राज्यकर्ता मानतो. बाबांनी मला दिलेलं माझं गुप्त नाव मी सांगितलं. मंत्रातलाच शब्द समजून तुम्ही तेही खड्या आवाजात म्हणालात.

मग नैवेद्याच्या पिवळ्या भाताच्या डोंगराचा शेंडा तोंडात कोंबत पाहुण्यांना म्हणालात, "हे शिकवून येत नाही. पुरुषाच्या रक्तातच असावं लागतं." माझी आईसुद्धा मान डोलावत होती. 

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्हाला कळलं, तर पुन्हा विधी कराल. समुद्रापुढे राणी मीच झाले, पण आनंद कसला? माझं नाव तुमच्या तोंडून बाहेर पडलं, तुमच्या लवंग घातलेल्या सिगारेटच्या वासासकट. कालपासून दहादा तोंड धुतलं, तरी किळस जात नाही.

तुमची म्हणवून घ्यायची लाज वाटणारी पुतणी,
रातीह