मागच्या पाट्यावरची रेघ

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मला सहीपुरतंच लिहिता यायचं. पुढे सुट्या भागांना गुंडाळून आलेली वर्तमानपत्रं वाचत शिकले, म्हणून हे लिहिते आहे. वसमतच्या रस्त्यावरचं आपलं पत्र्याचं गॅरेज. ट्रक आला की तुम्ही तो सपाट जागी उभा करायला लावायचात आणि मागून नुसते बघत राहायचात. "डावीकडं झुकली म्हणून डावीकडचाच पाटा मोडला असं न्हाई, पोरी." मग चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर चुन्याची भुकटी मारायची आणि थांबायचं. तडा असेल तिथून रॉकेल पाझरून चुन्यावर ओली रेघ उमटते. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून ती रेघ बघणं माझ्याकडे आलं.

मोठा दुष्काळ सरला त्या साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे मालक हळदीची पोती भरून निघाले होते. गाडी किंचित तिरकी उभी आहे. तुम्ही कान देऊन म्हणता, "जावईबापू, गाडी कण्हून राहिली."

"मामा, गाडी न्हाई, तुमचे गुडघे वाजून राहिले!"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, मला गाडीखाली पाठवलंत. उजव्या मागच्या मुख्य पाट्यावर मीच आदल्या दिवशी पूजेची हळद ओढली होती. तिच्याखाली केसाएवढी काळी रेघ दिसली. पण सासूबाईंनी बजावलं होतं, पूजेची हळद पुसणं म्हणजे आपलं कुंकू पुसणं. वंगणाचा ओघळ असेल, असं मी मनाला समजावलं.

"पुसून पाह्यलं का गं?"

"व्हय. बराबर हाय."

औंढ्याच्या अलीकडच्या उतारावर पाटा तुटला. संध्याकाळी निरोप आला. पुढे तुम्ही तुटका पाटा मागवून घेतलात, तुटलेली कड बोटांनी चाचपलीत. अर्धी गंजून गुळगुळीत झालेली, अर्धी ताजी, खरखरीत. "जुना तडा," इतकंच बोललात. त्यानंतर पाना हाती धरला नाहीत. येईल त्याला सांगायचात, "माझ्या डोळ्यांनी जावई खाल्ला." चार पावसाळे असेच गेले. मी चहा घेऊन दारात उभी असायचे, ऐकत.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकणार? काल लेकीनं विचारलं, "आई, आजोबांना तडा कसा दिसला नाही?"

मी म्हणाले, "त्यांना दिसतच नव्हतं गं."