वाणाच्या यादीवरची सही

नेहरू नगर, भोपाळ
२१ मार्च २०२५

प्रिय रत्नप्रभा,

आजी झालीस, अभिनंदन! प्राजक्ता आणि बाळ सुखरूप आहेत हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. तिला डिंकाचे लाडू दटावून खायला घाल, खाण्याच्या बाबतीत ती पहिल्यापासून नखरेल. तुमच्या नागपूरसारखं इथलंही ऊन आत्तापासूनच मी म्हणतंय.

फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा बाळाचंच विचारत बसले असते. म्हणून पत्र.

रत्ना, बागेतली तुझी बालवाडीची खोली पाडली. मंगळवारी, सकाळी अकराला.

जेसीबीचा आवाज ऐकून मी अनवाणीच धावले. तुझ्या माघारी वर्ग घेणारी कमल एकटी अठरा पोरांना पाट्या-डब्यांसकट बाहेर काढत होती. वॉर्ड ऑफिसचा तो तरुण इंजिनिअर, गौरांग, समोर उभा होता. त्याच्यावर मी अशी काही तुटून पडले की विचारू नकोस. नवी बाग वॉर्ड ऑफिसची आणि आमची मिळून, बांधणार तुम्ही, सांभाळणार आमचं महिला मंडळ, मग मला, मंडळाच्या अध्यक्षाला, न विचारता हात कसा लावलात? त्याने शांतपणे फाईल उघडली.

"आंटी, सहमति तो आपने ही दी है।"

आत चाळीस सह्यांचा कागद. कोपऱ्यात कुणाचं तरी हळदीचं बोट उमटलेलं. आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी होती ती. कुणी दोनदा वाण नेऊ नये म्हणून दरवर्षी नाव, घर नंबर, सही घेतो ना आपण, तीच. सातव्या नंबरला तू.

तो कागद तिथे कसा गेला, हे आता लिहायलाच हवं. फेब्रुवारीत, तू नागपूरला गेल्यावर, गौरांग म्हणाला की शुक्रवारपर्यंत चाळीस रहिवाशांच्या सह्या द्या, नाहीतर नव्या बागेची योजना दुसऱ्या वॉर्डात जाईल. दारोदार कोण फिरणार? यादी कपाटात होतीच. वरच्या कोऱ्या जागेत मीच लिहिलं, 'उद्यान योजनेस आमची सहमती आहे.' नकाशाही पाहिला होता मी. तुझ्या खोलीच्या जागी ओपन जिम होतं. मनाशी म्हटलं, सरकारी काम आहे, दोन वर्षं काही हलत नाही, तोवर रत्नाला समजावू. आणि खरं सांगायचं तर बागेच्या फलकावर अध्यक्ष म्हणून माझं नाव येणार होतं. त्याचा मोह पडला मला.

अजून एक राहिलंय. कमलने तो कागद पाहिला. तुझी सही ती ओळखते.

"ताईंनी सही केली?" एवढंच तिने मला विचारलं.

आणि मी, सोळा वर्षं मंडळात भाषणं ठोकणारी बाई, गप्प उभी राहिले. दोन दिवस कोटऱ्याच्या वस्तीतल्या आया हेच समजत होत्या की रत्नाताईंनी आपली पोरं उघड्यावर आणली. माझीच मला किळस आली गं. इतकी मी खालच्या थराला जाईन असं कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

काल वस्तीत गेले आणि सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. बुधवारपासून पोरं माझ्या पोर्चमध्ये बसत होती. आज सकाळी मात्र कमलने त्यांना परस्पर देवळाच्या ओट्यावर नेलं.

ऑफिसात विचारून आले. यादीतल्या कुणी लेखी तक्रार केली तरच फाईल पुन्हा उघडेल आणि बालवाडीला जागा द्यावी लागेल. कागद देणाऱ्यावर चौकशी बसेल, मंडळातून काढतीलही. तशी तक्रार मी तुझ्या वतीने लिहून सोबत ठेवली आहे. फसवणूक कुणी केली, त्या ओळीत माझं पूर्ण नाव आणि पत्ता आहे. मला वाचवायला म्हणून त्यातला एकही शब्द खोडू नकोस.

फक्त या वेळी आधी सगळं वाच, मग सही कर.

मंजूषा