तुमच्या गच्चीची किल्ली

मलकापूर,
गुरुवार

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या मेहुण्याचा, हंबीररावाचा, वाकून नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच, उरलेला भेटीत घालीन). तुमचा गुडघा आता कसा आहे? आक्काची साखर उतरली का, की वास्तुशांतीचे बुंदीचे लाडू अजून डब्यात आहेत? नव्या घराला ओल वगैरे आली नाही ना? इकडे सगळं ठीक. ऊस उभा आहे, तोड लांबली आहे, साळूबाई माझ्याशी बोलते पण फार नाही, आणि मी बास्केटबॉल सोडला आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आक्का फोन घेतला की स्पीकरवर टाकते, आणि मग तुमचे खालच्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा मध्येच आपलं मत देतात. म्हणून पत्र. उद्या सकाळी धुळा दुधाचा टेम्पो घेऊन सांगलीला येतो आहे, त्याच्याजवळ देतो. एकट्याने वाचा.

माझं वेड तुम्हाला माहीत आहेच. पलटणीत असताना चौदा वर्षं मी युनिटच्या संघाचा गुणफलक सांभाळला (खेळलो एकदाही नाही; माझी उंची तुम्ही आमच्या लग्नात पाहिली आहे, अंतरपाट धरल्यावर पलीकडून माझा फेटासुद्धा दिसत नव्हता). पेन्शनीत आल्यावर इथे घर बांधलं ते नेमकं कॉलेजच्या मैदानाला लागून. एके दिवशी दुपारी झोप लागेना, कुंपणापलीकडे सिमेंटवर बॉल आपटल्याचा आवाज आला आणि मी उठून गेलो. तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, मुलींच्या संघाचा एकही सामना मी चुकवलेला नव्हता. प्रेक्षक मी एकटाच. (एक कुत्रं येतं, पण ते सावलीसाठी.) माझी प्लॅस्टिकची खुर्ची मैदानाच्या कडेला कायमची ठेवलेली असते आणि पोरी मला आप्पा म्हणतात. दाजी, सुनेपेक्षा जास्त वेळा म्हणतात.

या वर्षी मोसम सुरू होण्याआधीच प्राचार्यांनी सांगितलं, दहा सामन्यांतले दोन तरी जिंका. नाहीतर पुढच्या वर्षापासून मुलींचा बास्केटबॉल बंद आणि मैदानावर मोटरसायकली लावायची शेड. दोन! दहातले दोन म्हणजे काही फार नाही, बारावीला पास व्हायलासुद्धा याहून जास्त लागतात. पण आमचा संघ मुळात सहाजणींचा. कॅप्टन राजेश्वरी, वडूजची, एका बसक्या घरातली उभी पोरगी. बॉल हातात असला की तिला तहानभूक नसते. पल्लवी सगळ्यांत उंच. आणि संयोगिता, जिला प्रशिक्षक उदयसिंह सरांनी कबड्डीतून उचलून आणली. (सर शिकवतात वाणिज्य, त्यांचा स्वतःचा खेळ कबड्डी, आणि बास्केटबॉल ते पुस्तकात बोट घालून शिकवतात.) समोरची मुलगी बॉल घेऊन आली की संयोगिता बॉलकडे बघतच नाही, सरळ तिचा घोटा धरते. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि हिचे पाच माझ्या थर्मासातला चहा निवायच्या आत होतात. उरलेल्यांच्या नावाने मी तुम्हाला त्रास देत नाही, बॉललाही त्या फारसा देत नाहीत.

पहिला सामना घरचा होता. शुभारंभाला नारळ फोडायचा हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं, ते मी ध्यानात ठेवलं. स्वतः पाणीदार नारळ निवडून आणला आणि मैदानाच्या मध्यावर, जिथे पहिला बॉल उडवतात त्या गोलात, एका फटक्यात फोडला. टाळ्या पडल्या. पाणी टॉवेलने पुसलंही. पण नारळपाणी सिमेंटवरून पुसलं जात नाही, पसरतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. पंचांनी बॉल उडवला, पल्लवीने उडी मारली, ती वर गेली तशीच खाली आली आणि बसली. मनगट सुजलं, महिनाभर पट्टी. पहिले चार सामने आम्ही आमच्या उंच पोरीशिवाय खेळलो आणि चारही हरलो.

पाचव्याला पाचगणीला गेलो. तिथली थंडी बघून माझा जीव तुटला. तिथल्या पोरींच्या पायांत एकसारखे बूट, आमच्या पोरींच्या पायांत सहा जातींचे. अंगात ऊब राहावी म्हणून मी घरून शेंगदाण्याचे लाडू नेले होते (साळूबाईने वळलेले, म्हणजे एक खाल्ला की दुसऱ्याला जागा लागते). मध्यंतरात प्रत्येकीला तीन तीन दिले आणि समोर उभं राहून संपवायला लावले. मध्यंतरापर्यंत आम्ही फक्त चार गुणांनी मागे होतो. शेवटी अठ्ठावन्न-अकरा. राजेश्वरी सोडली तर उत्तरार्धात कुणी पळलंच नाही. चांगलं खाऊनही अंगात ताकद कशी नाही, याचं मला नवल वाटलं.

सहाव्यात तर हातातोंडाशी आलेला घास गेला. शेवटची वीस सेकंद, आम्ही एका गुणाने पुढे, बॉल आमच्याकडे. दाजी, माझ्या खिशात पलटणीतली पितळी शिट्टी असते. आनंद मावेना आणि ती कधी तोंडात गेली कळलंच नाही. आमच्या पोरींना वाटलं सामना संपला. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि समोरच्यांनी पडलेला बॉल उचलून सावकाश टोपलीत टाकला. पंचांनी जवळ येऊन मला विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, प्रेक्षक. त्यानंतरचे दोन सामने कसे गेले ते सांगायला मला आता त्राण नाही. आठ खेळलो, आठ हरलो.

नववा सामना होता त्याच रविवारी तुमची वास्तुशांती. मी येत नव्हतो, पण आक्काने फोनवर (स्पीकरवर) रडून सगळ्या गल्लीसमोर मला भाऊ म्हणून बाद ठरवलं, तेव्हा आलो. तुम्ही मला फेटा बांधलात आणि मेहुण्याचा मान म्हणून गच्चीवरच्या टाकीला काळी बाहुली बांधायला चढवलंत. तिथेच ती उसण भरली. मी खाली येऊन पंगतीत बुंदी वाढायला लागलो तोच उदयसिंह सरांचा फोन आला. चौतीस-एकतीस. आपण जिंकलो. मी दोनदा विचारलं आणि बुंदीचं ताट हातात घेऊन तिथेच खाली बसलो. पंगतीला वाटलं, कुणीतरी गेलं.

सोमवारी मैदानावर गेलो. सर पुस्तकातून मान वर काढून म्हणाले, "आप्पा, काल तुमी नव्हता, न्हाई का?" आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. बस्स, एवढंच. पण माणसाला तेवढं पुरतं. चार वर्षं मी नेमाने जातो आणि त्या नेमाने हरतात. एक दिवस मी नाही तर जिंकतात. माझा पायगुणच वाईट, याला आणखी पुरावा कशाला पाहिजे? साळूबाईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, पायाला कशापायी बोल लावताय? हात तेवढं गप ठेवा." याचा अर्थ मला कळला नाही. तेव्हापासून ती फार बोलत नाही.

आता एकच सामना उरला आहे, येत्या रविवारी दुपारी चारला, तुमच्या सांगलीत. जिंकला तर संघ राहील, नाहीतर शेड. राजेश्वरीचं अजून एक वर्ष आहे. संघ नसला तर ती बाकीच्या पोरींसारखी तास संपला की बस धरून घरी जाईल आणि माझ्या दुपारी मोटरसायकली बघण्यात जातील. म्हणून मी ठरवलं आहे की जायचं नाही. खुर्ची घरी आणली. ती अंगणात ठेवली आहे, पण तिच्यावर बसवत नाही. दाजी, मी दमलो आहे. माणूस हरून एवढा दमत नाही, आपल्यामुळे हरले असं वाटून दमतो. मला फार वाईट वाटतं आहे, आणि हे तुमच्याखेरीज कुणाला सांगताही येत नाही.

गुडघ्याला तेल चोळत जा. आक्काला सांगा, भाऊ अजून बाद झालेला नाही.

तुमचा मेहुणा,
हंबीरराव

ता. क. : बाहुली बांधताना सहज दिसलं की ते मैदान तुमच्या घराच्या बरोब्बर मागे आहे. मी रविवारी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला म्हणून तीन वाजता येतो. वर एक खुर्ची ठेवा. गच्चीवरून बघणं म्हणजे हजर असणं धरत नसावेत, तुम्हाला काय वाटतं? शेजाऱ्यांच्या नारळाच्या झाडाआड एक टोपली जाते, पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा उत्तरार्धात तरी आपण टाकलेले दिसतील. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच होतं, वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितो आहे. आत्ता राजेश्वरी आणि संयोगिता येऊन गेल्या. अंगणात खुर्ची बघून राजेश्वरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आप्पा, त्या दिवशी जिंकलो तवा समद्या पयलं तुमच्या खुर्चीकडं पळालो. खुर्ची मोकळी. काय करावं कळंना, मग त्या कुत्र्यालाच मिठी मारली." मी पायगुणाचं सांगितलं. तर म्हणते, "हारायचं आसंल तर हारू, पर तुमी या." जाताना संयोगिता फाटकातून वळून म्हणाली, "शिट्टी तेवढी घरी ठेवा. आन् लाडू मॅच झाल्यावर. नारळ आणूच नका." हे ऐकून साळूबाई आतून हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. मला रडू आलं, ते मी उसणीवर ढकललं.

तेव्हा दाजी, मी मैदानातच बसणार. पण गच्चीची किल्ली मात्र लागेलच. हरत असलो तर मी जागचा हलणार नाही, हरताना आपलं माणूस जवळ लागतं. पण शेवटच्या पाच मिनिटांत आपण पुढे असलो, तर मी गुपचूप उठून तुमच्याकडे येईन. किल्ली आक्काजवळ देऊ नका, ती बसवून चहा पाजते. फाटकाशेजारच्या तुळशीच्या कुंडीमागे ठेवा. आणि जिन्याला पायऱ्या किती ते धुळाजवळ नक्की सांगून धाडा. कंबर अशी आहे, तेव्हा आपण किती गुणांनी पुढे असताना उठायचं, त्याचा हिशेब मला आधीच धरून ठेवायला हवा.